‘ह्यांचं औषध’ : बडोद्यातलं एक प्रकरण

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, डोस आणि घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे. रुग्णाला मी इथे काका म्हणतो; वॉर्डातही तेच म्हणत होतो.

पार्श्वभूमी

काका ७४ वर्षांचे, वजन ५६ किलो. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरातले. पणजोबा गायकवाडी सरकारात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीतला वाडा पाडून झालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काका-काकू, मुलगा, सून आणि नात. काका एका कारखान्यात फोरमन होते. निवृत्तीनंतरही त्यांची घड्याळाशी बांधलेली दिनचर्या सुटली नव्हती: संध्याकाळी सुरसागरपर्यंत फेरी, रविवारी सकाळी चालत जाऊन शेव-उसळ. आजार म्हणाल तर रक्तदाब, आणि तोही एका गोळीत आटोक्यात.

साडेतीन महिन्यांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ गेले. त्यानंतर झोप उडाली. दोन महिने तसेच काढल्यावर जवळच्या डॉक्टरांनी रात्री डायझेपाम ५ मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली, ‘पंधरा दिवस घ्या’ म्हणून. ती सहा आठवडे चालली. मधेच पोट फुगणं, जळजळ सुरू झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी सकाळी ओमेप्राझोल आणि दिवसातून दोनदा ‘गॅसची कॅप्सूल’ दिली. मग चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा तिसरीकडून चक्करेची गोळी आली. तिघांपैकी कुणालाही इतर दोघांची चिठ्ठी दाखवली गेली नव्हती.

अडचण

एका सकाळी पाच वाजता काका बाथरूमच्या उंबऱ्यात पडले. डोक्याला टेंगूळ, हातपाय शाबूत. पण जीभ जड झालेली आणि हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटायचे. मुलाने लकवा समजून थेट आमच्याकडे आणलं.

विचारपूस केल्यावर कळलं की हे एका रात्रीत झालेलं नव्हतं. तीन आठवड्यांपासून काका दुपारी खुर्चीतच पेंगत होते. सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावत होते. नातीला दोनदा तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली होती. मुलगा म्हणाला, “आम्हाला वाटलं, मोठे काका गेल्यापासून बाबा खचलेत. आणि आता वयही झालं.” वय झालं म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. वृद्धांच्या औषधांबाबतीत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारं वाक्य हेच आहे.

पहिल्या दिवसाचे तर्क

सीटी स्कॅन स्वच्छ निघाला. ना रक्तस्राव, ना गाठ. साखर ११०, सोडियम १३४, क्रिएटिनिन १.२. ताप नाही, लघवीत जंतुसंसर्ग नाही. श्वास मिनिटाला १४, ऑक्सिजन ९५ टक्के. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन ३.२ म्हणजे थोडं कमी. लिव्हरच्या दोन एन्झाइमपैकी एएसटी ६८ आणि एएलटी ३१. रक्तपेशींचं सरासरी आकारमान १०२.

शेवटचे दोन आकडे मी पाहिले, पण वाचले नाहीत. एएसटी एएलटीच्या दुपटीहून जास्त आणि लाल पेशी मोठ्या, ही जोडी एकत्र दिसली की रोजच्या दारूची चौकशी करायची हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. मी मात्र ‘वयस्कर आहेत, जेवण कमी झालंय’ असं म्हणून पुढे गेलो.

संध्याकाळी काकूंना विचारलं, “रात्री काय काय घेतात?” त्या म्हणाल्या, “झोपेची गोळी, गॅसची कॅप्सूल, आणि ह्यांचं ते औषध. बास.” ‘ते औषध’ म्हणजे रक्तदाबाची गोळी, असं मी धरून चाललो. कोणतं औषध, हा दोन शब्दांचा प्रश्न तोंडातून निघाला नाही.

झोपेच्या गोळीची स्ट्रिप हाती आली तेव्हा आमच्या कनिष्ठ डॉक्टरांनी फ्लुमाझेनिल देऊन पाहू, असं सुचवलं. डायझेपामसारख्या, बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्यांचा परिणाम हे इंजेक्शन काही मिनिटांत उलटवतं. मी नको म्हटलं. श्वास ठीक होता. त्याचा परिणाम तासाभरात ओसरतो आणि माणूस पुन्हा गुंगीत जातो. शिवाय सहा आठवड्यांच्या गोळीनंतर अचानक उतारा दिला तर झटके येण्याची भीती असते. निर्णय बरोबर ठरला. पण तो का बरोबर होता याचं मोठं कारण त्या वेळी मला ठाऊकच नव्हतं.

पहिली रात्र

रात्री दोनच्या सुमाराला ड्यूटीवरच्या सिस्टरचा फोन आला. “सर, काका पेंगतायत, पण तळहात ओले आहेत आणि बोटं थरथरतायत. नाडी १०६.” हे चित्र जुळत नव्हतं. गोळ्यांच्या गुंगीत नाडी संथ आणि त्वचा कोरडी हवी. घाम, थरथर आणि धावती नाडी दुसऱ्याच कशाची तरी खूण होती.

मी पोहोचेपर्यंत सिस्टरने कोडं सोडवलं होतं. तिने काकूंना बाजूला नेऊन सरळ विचारलं, “काकी, काका दारू पिए छे?” काकूंनी पदर सावरला आणि तितक्याच सरळपणे सांगितलं, “परमिट छे ने, बेन. रोज बे पेग. वधारे नहि.”

गुजरातमध्ये दारूबंदी आहे, पण चाळिशीपुढच्या माणसाला तब्येतीच्या कारणावरून परमिट मिळू शकतं. काकांकडे ते वीस वर्षांपासून होतं. सरकारी कागदावर ती तब्येतीसाठी, म्हणून घरात तिला कुणी दारू म्हणत नव्हतं. ती ‘ह्यांचं औषध’. काकूंनी माझ्यापासून काहीच लपवलं नव्हतं. त्यांनी पहिल्या संध्याकाळी खरं तेच सांगितलं होतं.

बंदीच्या राज्यात काम करताना आपल्यालाही सवय लागते. समोरचा माणूस फोरमन, देवघरासमोर बसणारा, सुसंस्कृत घरातला. त्याला दारूचं विचारणं अपमान वाटतो. तो संकोच आपला असतो आणि किंमत मात्र रुग्ण मोजतो.

शरीरात काय चाललं होतं

आता हिशोब मांडता आला. रात्री आठ वाजता ६० मिलिलिटरचे दोन पेग. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल पोटात जात होतं. यकृत अल्कोहोल ठरावीक वेगाने काढतं, तासाला सुमारे सात ग्रॅम. कितीही असलं तरी वेग तोच. काकांच्या रक्तातून ते निघायला रात्रीचे दोन वाजत. झोपेची गोळी ते दहाला घेत. गोळीचं रक्तातलं प्रमाण तासा-दीड तासात शिगेला पोहोचतं, तेव्हा दारूही तिथेच हजर. दोन्ही मेंदूला शांत करणाऱ्या एकाच ‘गाबा’ यंत्रणेवर काम करतात, म्हणून एकमेकांचा जोर वाढवतात. शिवाय दारू रक्तात असेपर्यंत डायझेपाम मोडणारी एन्झाइम अडून राहतात.

इथे एक गुंतागुंत आहे, आणि ती माहीत नसल्याने अनेक जण फसतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं यकृत काही एन्झाइम जास्त बनवू लागतं. असा माणूस प्यायलेला नसताना काही औषधं उलट लवकर बाहेर टाकतो. मेंदूही गुंगीला सरावतो. म्हणून पन्नाशीत ‘मला एका गोळीने काही होत नाही’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. पण यकृत खराब झालं की चित्र फिरतं. वय वाढलं की वेगळ्या वाटेने फिरतं.

त्या वाटेचं सर्वांत स्पष्ट मोजमाप डायझेपामचंच आहे. औषधाचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे हाफ-लाइफ. क्लॉट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवलं की डायझेपामची हाफ-लाइफ विशीत साधारण २० तास असते आणि ऐंशीत ९० तासांच्या आसपास जाते. म्हणून ढोबळ नियम असा, की वयाची जितकी वर्षं, तितके तास. काकांच्या बाबतीत ७४-७५ तास, म्हणजे तीन दिवस. याचं मोठं कारण वयाबरोबर बदलणारी शरीराची घडण. स्नायू आणि पाणी कमी होतं, चरबीचा वाटा वाढतो. डायझेपाम चरबीत मुरतं. पाणी कमी झाल्याने तेवढीच दारू मात्र रक्तात जास्त दाट होते. याशिवाय यकृताचा आकार आणि त्याला मिळणारा रक्तपुरवठा दोन्ही घटतात, आणि ऑक्सिडेशनने औषध मोडण्याची ताकद कमी पडते.

रोज एक गोळी घेतल्यावर शरीरात किती साठा जमतो हे यावरून काढता येतं. हाफ-लाइफ २० तास असेल तर काही दिवसांनी साठा पावणेदोन गोळ्यांपाशी थांबतो. ७५ तास असेल तर पाच गोळ्यांपाशी. हा साठा सगळा रक्तात नसतो, बराचसा चरबीत असतो. म्हणूनच गोळी बंद केल्यावरही तो रक्तात झिरपत राहतो. डायझेपाम ९८ टक्के प्रथिनांना चिकटून फिरतं. अल्ब्युमिन कमी असलं की मोकळा भाग वाढतो, आणि मेंदूवर काम करतो तो मोकळाच भाग. म्हाताऱ्या मेंदूला तेवढ्याच प्रमाणात गुंगी जास्त येते हे वेगळंच.

डायझेपाम मोडताना त्यातून डेस्मिथाइल-डायझेपाम नावाचा दुसरा पदार्थ तयार होतो. तोही गुंगी आणणाराच, आणि मूळ औषधापेक्षा जास्त काळ टिकणारा. आता गॅसच्या कॅप्सूलकडे या. त्या रात्री मी स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचली: क्लोरडायझेपॉक्साइड ५ मिलिग्रॅम, क्लिडिनियम २.५ मिलिग्रॅम. क्लोरडायझेपॉक्साइड हे डायझेपामचंच भावंड, आणि शरीरात त्याचाही शेवट डेस्मिथाइल-डायझेपाममध्येच होतो. नळ दोन, बादली एकच. सकाळचं ओमेप्राझोल डायझेपाम मोडणाऱ्या एका एन्झाइमला अडवत होतं, म्हणजे बादलीचं भोकही अर्धं बुजलेलं.

घरच्यांच्या लेखी काका झोपेची एकच गोळी घेत होते, तीही सर्वांत लहान. आणि त्या घरातली प्रत्येक गोष्ट चिठ्ठीवर नाहीतर परमिटवर मिळालेली होती.

समोरचे पर्याय

पहाटे तीन वाजता कोंडी अशी होती. काका गोळ्यांच्या साठ्याने गुंगीत होते आणि त्याच वेळी शेवटचा पेग पोटात जाऊन तीस तास झाल्याने दारू तुटल्याची लक्षणं सुरू झाली होती. साठलेल्या गोळ्यांनीच ती इतका वेळ दाबून ठेवली असावीत. दारू तुटल्यावर झटके किंवा भ्रम येऊ नयेत म्हणून जे औषध देतात, ते याच बेंझोडायझेपिन गटातलं.

काहीच न देता वाट पाहायची, हा पहिला पर्याय. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान तीव्र भ्रम होऊ शकतो आणि या वयात तो जीवघेणा ठरतो, म्हणून तो सोडला. दुसरा, नेहमीचा पाठ: क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम मोठ्या डोसने सुरू करून हळूहळू उतरवायचं. तरुण, धडधाकट यकृताच्या रुग्णात हा चांगला मार्ग आहे, कारण औषध आपोआप सावकाश उतरतं. काकांच्या बाबतीत ते भरलेल्या बादलीत आणखी पाणी ओतणं झालं असतं.

तिसरा, लोराझेपाम. याला ऑक्सिडेशनची पायरी लागतच नाही. यकृत त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून थेट बाहेर काढतं, आणि ही क्षमता वयाबरोबर फारशी घटत नाही. गुंगी लांबवणारा दुसरा पदार्थही तयार होत नाही. ऑक्झेझेपामही याच जातीचं, पण आमच्या हाताशी लोराझेपाम होतं.

काय केलं

दोन्ही शामक औषधं आणि चक्करेची गोळी बंद केली. डायझेपाम टप्प्याटप्प्याने उतरवावं का, यावर आमच्यात चर्चा झाली. वर्षानुवर्षं घेणाऱ्यात मी ते एकदम कधीच तोडणार नाही. इथे सहा आठवडे झाले होते, डोस लहान होता आणि ७५ तासांची हाफ-लाइफ स्वतःच उताराचं काम करणार होती. ओमेप्राझोलच्या जागी पँटोप्राझोल दिलं. थायामिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं सुरू केली.

लोराझेपाम ठरलेल्या वेळी न देता लक्षणं पाहून द्यायचं ठरवलं. सिस्टर दर चार तासांनी दारू तुटल्याची लक्षणं मोजायच्या सीवा तक्त्यावर घाम, थरथर, मळमळ, बेचैनी मोजत होत्या. गुण १० च्या वर गेले तरच एक मिलिग्रॅम, आणि देण्याआधी श्वास मोजायचा. पहाटे गुण १२ होते, तेव्हा एक दिलं. दुसऱ्या संध्याकाळी आणखी एक. तिसऱ्याची गरज पडली नाही.

सर्वांत अवघड काम मुलाला समजावण्याचं होतं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “गोळ्या बंद करून दोन दिवस झाले, बाबा अजून पेंगतातच. स्कॅन पुन्हा करायचा का?” मी चहाचा कप घेतला आणि त्याला दाखवलं: तीन दिवसांनी अर्धा, सहा दिवसांनी पाव, नऊ दिवसांनी त्याच्याही निम्मा. जवळजवळ रिकामा व्हायला पंधरा-सोळा दिवस. तो तसाच कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे सहा आठवडे आम्ही हा भरतच होतो.” दोष कुणाला द्यायचा हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि मलाही त्या क्षणी काही सांगता आलं नाही.

परिणाम

पाचव्या दिवशी सकाळी काकांनी वर्तमानपत्र मागितलं आणि चष्मा कुठे आहे म्हणून काकूंवर चिडले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. सातव्या दिवशी घरी गेले. सतराव्या दिवशी ओपीडीत आले तेव्हा सदऱ्याची बटणं नीट लागलेली होती आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येत होतं.

झोप मात्र तीन आठवडे वाईट होती. तशी ती राहील हे आधी सांगून ठेवलं होतं, नाहीतर जुनी स्ट्रिप पुन्हा उघडली गेली असती. दुपारची झोप बंद, सकाळी उन्हात फेरी. आणि भावाबद्दल बोलणं. दोघं भाऊ ५० वर्षं रोज रात्री फोनवर बोलत होते, ही गोष्ट मला चौथ्या भेटीत कळली. पहिली गोळी लिहिली गेली तेव्हा ती कुणी विचारली असती तर कदाचित गोळीची वेळच आली नसती.

दारूचं म्हणाल तर काकांनी सोडली नाही. दवाखान्यातले आणि घरचे मिळून सहा आठवडे पूर्ण बंद होती, नंतर शनिवारी एक पेग. मी समाधानी नाही. काका आहेत.

आज वेगळं काय करीन

दारूचा प्रश्न दारू हा शब्द वापरून विचारीन, प्रत्येकाला, पहिल्याच भेटीत, रक्तदाबाच्या प्रश्नाइतक्या साध्या आवाजात. किती, कधीपासून, शेवटची कधी. आणि बडोद्यात परमिट आहे का हेही विचारीन, कारण परमिटबद्दल सांगायला कुणी लाजत नाही.

सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून घेईन आणि स्ट्रिपच्या मागचे घटक वाचीन. ‘गॅसची’, ‘चक्करेची’, ‘झोपेची’ ही नावं घरासाठी सोयीची आहेत, निदानासाठी नाहीत. डायझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड दोन्ही २०१४ पासून लागू झालेल्या, चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एच-वन यादीत आहेत. स्ट्रिपवर लाल चौकट असते आणि दुकानदाराला विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. वृद्धांनी टाळायच्या औषधांच्या अमेरिकेतल्या बीअर्स यादीत सगळी बेंझोडायझेपिनं आहेत आणि क्लिडिनियमबरोबरची ही जोडगोळीही आहे. काकांच्या पिशवीत दोन लाल चौकटी होत्या. तीन डॉक्टर आणि दवाखान्यात मी, आम्ही चौघांनीही त्या वेळेवर एकत्र पाहिल्या नाहीत.

पहिल्या दिवशी आमच्याकडून डेक्स्ट्रोजची बाटली लागली होती, थायामिनशिवाय. रोज पिणाऱ्या, कमी जेवणाऱ्या माणसात आधी थायामिन द्यायला हवं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. काकांना काही झालं नाही, पण ते आमचं कर्तृत्व नव्हे. आता गुंगीत आलेल्या प्रत्येक वृद्धाला आम्ही साखरेच्या बाटलीआधी थायामिन देतो, दारूची माहिती असो वा नसो.

फ्लुमाझेनिल त्या संध्याकाळी दिलं असतं तर? दारू तुटत असलेल्या मेंदूवरून गोळ्यांचं पांघरूणही एका झटक्यात ओढून घेतलं असतं. या प्रकरणात मी सर्वांत जास्त वेळा मनात आणतो तो क्षण हाच.

मागच्या महिन्यात काका परमिटच्या नूतनीकरणाचे कागद घेऊन आले. वय वाढेल तशी महिन्याची युनिटं वाढवून देणारी ही व्यवस्था आहे, आणि काकांना आता सर्वांत वरच्या वयोगटाचा हक्क आहे. मी सांगितलं, मी लिहून देणार नाही, आणि का नाही तेही पुन्हा एकदा सांगितलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवले, काही बोलले नाहीत. काकूंनी नेहमीप्रमाणे पिशवी टेबलावर उलटी केली. रक्तदाबाची, पँटोप्राझोल, कॅल्शियम, आणि रबर लावून वेगळी ठेवलेली एक कोरी स्ट्रिप. “ही पुतण्याकडे गेलो होतो तिथे पोटासाठी दिली,” त्या म्हणाल्या. “सुरू नाही केली. मागे लाल चौकट होती.”